केदारच्या खोऱ्यातली घरघर

गेवराईच्या बसस्थानकाबाहेर उन्हाळ्याच्या तोंडावर यात्रा कंपन्यांचे फलक लागतात. चारधाम, बारा ज्योतिर्लिंगे, काशी-प्रयाग-गया. पूर्वी या फलकांवर ‘सोबत आचारी’, ‘घरगुती जेवण’, ‘दोन वेळा चहा’ असा मजकूर ठळक असे. आता तो खाली बारीक अक्षरांत गेला आहे आणि वर निळ्या आकाशातले हेलिकॉप्टर आले आहे. केदारनाथ हेलिकॉप्टरने! ऊस आणि कापसाच्या या तालुक्याला रेल्वे नाही. उत्तरेकडे निघालेला यात्रेकरू आधी जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो आणि तेथे सचखंड एक्सप्रेस पकडतो. ज्यांनी विमान पाहिले ते डोक्यावरून जाताना आणि हेलिकॉप्टर पाहिले ते निवडणुकीच्या सभेला, अशी माणसे हिमालयात जाऊन थेट त्यात बसतात.

मराठवाड्याच्या माणसाला केदारनाथची ओढ असण्याला एक साधे कारण आहे. बारापैकी परळी वैजनाथ आमच्याच जिल्ह्यात. औंढा नागनाथ आणि घृष्णेश्वर एका दिवसाच्या वाटेवर. (परळीच्या बाबतीत झारखंडातल्या देवघरवाल्यांचे मत वेगळे आहे, पण तो वाद येथे नको.) तीन अंगणात असली की उरलेली नऊ पुरी करण्याची आस लागते आणि त्या नवांत सर्वांत अवघड केदारनाथ. गौरीकुंडापासून सुमारे सोळा किलोमीटरची चढण, मंदिराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५८० मीटर. मुलांची लग्ने उरकून, नोकरीतून सुटून, गुडघे गेल्यावर निघणाऱ्या माणसाला हेलिकॉप्टर ही चैन वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा मजकूर वाचून म्हाताऱ्या माणसांच्या दर्शनाच्या आड येणाऱ्यांपैकी मी एक आहे, असा कुणाचा समज होऊ नये.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक जाऊन आले. फाट्याहून उडाले, सात-आठ मिनिटांत वर पोहोचले. दर्शन झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके उतरले, उड्डाणे थांबली, परतीचा नंबर कधी लागेल ते कुणी सांगेना. दुपारी काकूंना पालखीत बसवून सर काठी टेकत पायी निघाले आणि तासाभरात आकाश मोकळे झाले. मग जे सुरू झाले ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. ‘जाताना आत होतो तेव्हा देवाचं नाव घेत होतो, आवाजाकडे लक्षच नव्हतं. खाली चालताना कळलं की काल आपण लोकांच्या डोक्यावरून काय घेऊन गेलो होतो.’ सर गणिताचे. त्यांनी मोजायला सुरुवात केली. अर्ध्या तासात येणारी-जाणारी मिळून अकरा. एक डोंगराआड जाऊन त्याचा आवाज विरतो न विरतो तोच दुसऱ्याचा सुरू. बारावे आले तेव्हा त्यांनी मोजणे सोडून दिले.

सरांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती आणि ती बहुतेक यात्रेकरूंना ठाऊक नसते. ज्या खोऱ्यातून ही उड्डाणे होतात तो भाग केदारनाथ वन्यजीव अभयारण्याचा आहे. १९७२ साली घोषित झालेले, सुमारे ९७५ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मुख्यतः कस्तुरीमृगासाठी राखलेले. कस्तुरीमृग हा उत्तराखंडचा राज्यप्राणी आणि मोनाल हा राज्यपक्षी. दोघांचेही हे घर. कड्यांवर चरणारे हिमालयीन थार येथेच. म्हणजे ज्या राज्याने कस्तुरीमृगाला आपल्या मानचिन्हाचा मान दिला, त्याच राज्याच्या एका खात्याने त्याच्या घरावरून हेलिकॉप्टरची फेरी-सेवा सुरू केली आणि दुसरे खाते खाली बसून आवाज मोजू लागले.

ही सेवा या शतकाच्या पहिल्या दशकातली. गुप्तकाशी, फाटा आणि सेरसी या तीन ठिकाणांहून हेलिकॉप्टर उडतात. २०१३ च्या जलप्रलयात खालची वाट उद्ध्वस्त झाली, तेव्हा याच यंत्रांनी हजारो माणसे वाचवली, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर मात्र यात्रा पूर्ववत होऊन नंतर कैक पटींनी वाढली. २०२४ सालच्या हंगामात साडेसोळा लाखांच्या आसपास माणसे केदारनाथला गेली. हेलिकॉप्टरने जाणारे त्यातले थोडेच. पण थोड्यांचा आवाज सगळ्यांना ऐकावा लागतो, हा या वाहनाचा स्वभावच आहे. खेचराच्या लिदीचा त्रास त्या वाटेपुरता असतो, हेलिकॉप्टरचा त्रास अख्ख्या खोऱ्याला.

तक्रारी झाल्या, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला. या सगळ्यातून दोन आकडे पुढे आले आणि गेली कित्येक वर्षे तेच घोळत आहेत. हेलिकॉप्टरने जमिनीपासून किमान ६०० मीटर उंचीवरून उडावे आणि आवाज ५० डेसिबलच्या आत असावा. वाटेवरच्या भीमबलीला मोजणीची व्यवस्था झाली. हेलिकॉप्टर ठरलेल्या उंचीच्या खाली उडतात, असे अहवाल वन खात्यानेच वर पाठवले. कंपन्यांना नोटिसा गेल्या, हंगाम संपला. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. वृत्तपत्रांनीही ही गोष्ट ‘कंपन्या नियम मोडतात’ एवढ्याच ओळीत बसवली. ते चूक नाही. पण मुळात हा नियम पाळता येण्याजोगा आहे का आणि पाळला तरी त्याने काय साधेल, हे कुणी विचारले नाही.

तर थोडे गणित, सरांच्या परवानगीने. डेसिबल हे बेरजेचे माप नाही, गुणाकाराचे आहे. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. एका इंजिनाचे हलके हेलिकॉप्टर दीडशे मीटरवरून गेले तर खाली उभ्या माणसाला साधारण ७५ ते ८० डेसिबल ऐकू येतात. ते सहाशे मीटरवर नेले म्हणजे अंतर दोनदा दुप्पट केले. बारा डेसिबल कमी झाले, हवेने आणखी थोडे गिळले असे धरू. उरले साठ-पासष्ट. म्हणजे ६०० मीटरचा नियम तंतोतंत पाळणारे हेलिकॉप्टरही डोक्यावरून जाताना ५० डेसिबलचा नियम मोडणारच. दोन नियमांचे आपसातच जमत नाही.

‘आवाज डोक्यावरून जातानाचा मोजायचा नसतो, दिवसभराची सरासरी काढायची असते,’ असे यावर उत्तर येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सकाळी सहा ते रात्री दहा अशा सोळा तासांची सरासरी धरतात, हे बरोबर आहे. मग तेही करून पाहू. प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट ६५ डेसिबल असे धरले, तर पन्नास फेऱ्यांची सोळा तासांवरची सरासरी सुमारे ४९ येते. नियम पाळला गेला! शंभर फेऱ्यांची ५२, दोनशेंची ५५. आता हेच उलटे वाचा. दोनशे फेऱ्यांच्या शंभर केल्या तरी कागदावर फरक पडतो तीन डेसिबलचा. कड्यावरच्या थाराला मात्र शंभर वेळा दचकायचे वाचते. सरासरी ही माणसाच्या सोयीची वस्तू आहे. दचकणाऱ्या प्राण्याला सरासरी ऐकू येत नाही, त्याला एकेक हेलिकॉप्टर ऐकू येते.

शिवाय ‘जमिनीपासून’ म्हणजे कोणत्या जमिनीपासून? आमच्या गोदाकाठच्या सपाट रानात हा प्रश्न पडत नाही. केदारचे खोरे म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या भिंती आणि तळाला मंदाकिनी. नदीपासून सहाशे मीटर वर गेलेले यंत्र बाजूच्या उतारावर चरणाऱ्या जनावराच्या अगदी कानाशी असते. आवाज वरून येण्याऐवजी समोरून येतो आणि समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा येतो. त्यात मंदिर ३,५८० मीटरवर. त्याच्याही वर सहाशे मीटर म्हणजे चार हजारांच्या पुढे. तेथे हवा विरळ. ८० किलोच्या वर वजन भरणाऱ्या प्रवाशाकडून जादा पैसे घेतात ते उगाच नव्हे. सात-आठ मिनिटांच्या फेरीत तेवढे चढायचे आणि लगेच हेलिपॅडवर उतरायचे. दुपारी ढग खाली आले की वैमानिक दरीच्या तळाला धरून उडतो, कारण त्याला जमीन दिसली पाहिजे. येथे उंचीचा नियम आणि जिवाची काळजी एकमेकींच्या विरोधात जातात आणि अशा वेळी कोणताही शहाणा वैमानिक आवाजाचा नियम मोडील. मोडावाच.

जीव हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथजवळ गरुडचट्टीला हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. २०२५ च्या हंगामात ८ मे रोजी गंगोत्रीच्या वाटेवर गंगनानीजवळ सहा जण गेले. १५ जून रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीला परतणारे हेलिकॉप्टर खराब हवेत गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडले. आतल्या सातही जणांचा अंत झाला आणि त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक दांपत्य आणि त्यांची दोन वर्षांचीही न झालेली मुलगी होती. दोन दिवस सेवा बंद राहिली, फेऱ्या कमी करण्याचे आदेश निघाले, नवी कार्यपद्धती ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. त्या चर्चेत वैमानिकांचा अनुभव, हवामानाची यंत्रे, नियंत्रण कक्ष हे सगळे आले आणि यायलाच हवे होते. पण फेऱ्यांची गर्दी हा प्रश्न माणसाच्या सुरक्षिततेचा आणि जंगलाच्या शांततेचा एकच आहे, हे सूत्र काही पुढे आले नाही. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायली.

अमेरिकेत ही दोन सूत्रे एकत्र आली, तीही अपघातामुळेच. अ‍ॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनवर १८ जून १९८६ रोजी सहलीचे एक छोटे विमान आणि सहलीचेच एक हेलिकॉप्टर हवेत एकमेकांवर आदळले आणि पंचवीस माणसे गेली. दरीचे दृश्य जेथून उत्तम दिसते तेथेच सगळे घिरट्या घालत होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८७ मध्ये, काँग्रेसने राष्ट्रीय उद्यानांवरील उड्डाणांचा कायदा केला. त्यात एक शब्दप्रयोग आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा: ‘नैसर्गिक शांतता’. ग्रँड कॅन्यनची नैसर्गिक शांतता बऱ्याच अंशी पूर्ववत करा, असे कायद्याने सांगितले. म्हणजे शांतता ही उद्यानातल्या झाडांसारखी, दगडांसारखी एक मालमत्ता ठरली. ती कुणी नेली असेल तर परत आणून ठेवायची.

मग अर्थातच प्रश्न आला की शांतता मोजायची कशी. उद्यान सेवेने व्याख्या केली: उद्यानाच्या निम्म्या किंवा अधिक भागात, दिवसाचा पाऊण ते पूर्ण वेळ विमानाचा आवाज ऐकूच येऊ नये. यातली खुबी पाहा. आवाज किती मोठा, हे विचारलेलेच नाही. किती वेळ ऐकू येत नाही, एवढेच विचारले आहे. डेसिबल मोजायला यंत्र लागते आणि यंत्राच्या आकड्यावर वाद घालायला वकील लागतो. ऐकू येत नाही, हे कुणालाही घड्याळ घेऊन बसले की कळते. सरांनी अर्ध्या तासात अकरा मोजली, तीही हीच पद्धत.

सुरुवात तेथेही उंचीपासून, ठरावीक मार्गांपासून आणि काही भाग उड्डाणमुक्त ठेवण्यापासूनच झाली. त्याने विमाने एका रेषेत आली; संख्या वाढतच राहिली. शेवटी २००० साली ग्रँड कॅन्यनवर वर्षाला सुमारे ९४ हजार सहली अशी कमाल मर्यादा घातली. त्याच वर्षी इतर उद्यानांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि प्रत्येक उद्यानाने विमान वाहतूक प्रशासनासोबत बसून आराखडा करायचा ठरले. वीस वर्षे एकही आराखडा पुरा झाला नाही. (वाचून बरे वाटले. असे आपल्याकडेच होते असा आपला समज असतो.) हवाईतल्या त्रासलेल्या रहिवाशांच्या एका गटाने आणि पर्यावरणवाद्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली, २०२० साली न्यायालयाने कान उपटले, तेव्हा कुठे कागद हलले. हवाईतल्या ज्वालामुखी उद्यानावर वर्षाला सरासरी अकरा हजारांवर सहली होत. २०२३ च्या अखेरीस मंजूर झालेल्या आराखड्याने ती मर्यादा १,५४८ वर आणली. एकदम सातव्या हिश्श्यावर. १९८७ ते २०२३, छत्तीस वर्षे. उंचीपासून निघालेली गाडी संख्येपर्यंत यायला एवढा काळ लागला. तो प्रवास आपण पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नाही.

अमेरिकेचे सगळेच घेण्याजोगे आहे असेही नाही. ग्रँड कॅन्यनच्या बाबतीत उद्यान सेवा आणखी कडक नियमांच्या तयारीत असताना २०१२ साली काँग्रेसने एका महामार्गविषयक कायद्यात कलम घुसवून व्याख्याच बदलली. फक्त ठरवून दिलेल्या सहलींचाच आवाज हिशेबात धरायचा, बाकीच्या विमानांचा नाही. उत्तर जुळत नसेल तर गणितच बदलायचे, ही विद्या सार्वत्रिक आहे.

प्राण्यांचे काय होते, याचा तेथे बारकाईने अभ्यास झाला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रँड कॅन्यनमधल्या एका अभ्यासात असे आढळले की हेलिकॉप्टरमुळे हिवाळ्यात रानमेंढ्यांची चरण्याची कार्यक्षमता ४३ टक्क्यांनी घटते. मेंढी पळून जात नाही. मान वर करून उभी राहते. चरण्याचा वेळ पाहण्यात जातो. कॅनडातल्या अल्बर्टात पहाडी बकऱ्यांवर झालेल्या १९९६ च्या अभ्यासात हेलिकॉप्टर पाचशे मीटरच्या आत आले की बहुतेक वेळा कळप विस्कळीत झालेला दिसला आणि कड्यांपासून दोन किलोमीटर दूर राहावे अशी शिफारस झाली. थार हा शेळी-मेंढीच्या कुळातलाच, कड्यावर राहणारा. उणे तापमानाच्या सहा महिन्यांसाठी त्याला चरबी साठवायची असते ती मे ते ऑक्टोबर या हंगामातच. आणि यात्रेचा हंगामही तोच. कस्तुरीमृग तर पहाटे आणि सांजेला चरणारा. नेमकी पहाटेची हवा स्वच्छ असते म्हणून पहिली उड्डाणेही त्याच वेळी.

आता आपला कायदा पाहू. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २७ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशावर निर्बंध आहेत, २८ व्यात प्रवेशाचा परवाना आहे. पण प्रवेश म्हणजे फाटकातून, पायी किंवा चाकावर, अशी सगळी कल्पना. वरून येणाऱ्याला फाटक नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत प्रदेश चारच: औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र, शांतता क्षेत्र म्हणजे रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर. जंगल यात कुठेच बसत नाही. २०१८ साली विमानतळांच्या परिसरासाठी आवाजाची मानके आली, ती मोठ्या विमानतळांपुरती. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याचा भर सुरक्षिततेवर आणि परवान्यांवर.

गंमत अशी की शहाणपण एकदा सुचले होते. राष्ट्रीय उद्यानांच्या आणि अभयारण्यांच्या भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रांसाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत विमानाने किंवा फुग्याने उद्यानावरून पर्यटकांना फिरवणे हे ‘प्रतिबंधित’ या रकान्यात होते. पुढे एकेका जंगलाच्या अधिसूचना निघू लागल्या, तेव्हा त्यांतल्या अनेकांत हाच विषय हेलिकॉप्टर, ड्रोन असे शब्द घेऊन ‘नियंत्रित’ या रकान्यात सरकलेला दिसतो. समोर शेरा: प्रचलित कायद्यांनुसार. आणि प्रचलित कायद्यांत काय आहे ते वर सांगितलेच. महसुलाच्या कचेरीत ज्याने चकरा मारल्या आहेत त्याला ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ या शेऱ्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हा प्रश्न हिमालयापुरता राहणारा नाही. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी केरळात कोचीहून मट्टुपेट्टी धरणात सी-प्लेन उतरवण्याचे प्रात्यक्षिक झाले. धरणाच्या आसपास हत्तींचा वावर, जवळच आनामुडी शोला राष्ट्रीय उद्यान. तेथील वन खात्याने आक्षेप घेतला. महाराष्ट्रातही २०१४ साली जुहूहून पवना धरणाकडे सी-प्लेन उडाले होते. ते टिकले नाही ते पैशाचे जमेना म्हणून. पक्ष्यांचा विचार करून कुणी ते थांबवले नाही. आमच्या गेवराईच्या वरच्या अंगाला, पैठणचा नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात परदेशी पाहुणे पक्षी येतात. पैठण, वेरूळ, शिर्डी अशी तीर्थे आसपास. आज तेथे असे काही नाही. पण मोठे पाणी आणि मोठी गर्दी एकत्र आली की कुणाच्या तरी डोक्यात कल्पना येतेच. त्या दिवशी वन खात्याच्या हाती कोणते कलम असेल? पाटोद्याचे नायगाव मयूर अभयारण्य १९९४ चे. तेथल्या मोरांच्या बाजूने बोलायचे झाले तरी कलम शोधावेच लागेल.

मग करावे काय? हेलिकॉप्टर बंद करा, असे म्हणणे सोपे आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. उंचीचा नियम असू द्या. पण तो मुख्य नियम नसावा. मुख्य नियम फेऱ्यांच्या संख्येचा हवा आणि ती संख्या तिकिटे विकणाऱ्या खात्याने नव्हे, तर अभयारण्य सांभाळणाऱ्याने ठरवावी. आज उत्तराखंडात उड्डाणांचा कारभार राज्याच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे आहे. सेवा वाढवणे हे त्याचे कामच. त्याच्याकडून ती कमी करण्याची अपेक्षा धरणे म्हणजे साखर कारखान्याला ऊस कमी लावायला सांगणे. दुसरे, घड्याळाचा नियम. सूर्योदयानंतरचा पहिला प्रहर आणि दुपारनंतरचा सगळा वेळ मोकळा ठेवला तर कस्तुरीमृगाचे भागते आणि धुक्यात-ढगात घाई करणाऱ्या वैमानिकाचेही. सकाळची स्वच्छ हवा वाया जाईल, ही कंपन्यांची तक्रार खोटी नाही. पण फेऱ्यांवरच मर्यादा असेल तर घाई कशाची? घाई असते ती अमर्याद फेऱ्यांमुळे. धुके हटताच राहिलेल्या सगळ्या उरकायच्या असतात आणि अपघाताला आमंत्रण तेथेच मिळते.

मोजणी ही काही अवघड गोष्ट नाही. २०२३ पासून या फेऱ्यांची तिकिटे रेल्वेच्या आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर विकली जाऊ लागली. कोणत्या दिवशी कोणत्या हेलिपॅडवरून किती आसने गेली हे तेथे आपोआप नोंदले जाते. रोज संध्याकाळी फेऱ्यांचा आकडा आणि भीमबलीच्या दोन फेऱ्यांमधल्या शांततेची मिनिटे एका फळ्यावर लिहिली तरी पुष्कळ होईल. आमच्या तालुक्यात गोदावरीची वाळू ब्रासमध्ये मोजायची असते, तिला पास लागतो; तरीही रात्री हायवा कशा धावतात ते काठावरच्या गावांना विचारा. मोजणी असूनही चोरी होते हे खरे. पण मोजणी असल्यामुळे चोरीला चोरी म्हणता तरी येते. केदारच्या शांततेचे मोजमापच ठरलेले नाही, त्यामुळे ती नेणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायचा कसा?

फेऱ्या कमी झाल्या की आसने कमी होणार, भाडे वाढणार आणि मग हेलिकॉप्टर फक्त श्रीमंतांचे उरणार, ही हरकत सर्वांत खरी आहे आणि ती गेवराईला लागू पडते, मुंबईला नव्हे. सरांनी पेन्शनीतून तिकीट काढले होते. त्याचे उत्तर भाड्यात शोधण्यापेक्षा रांगेत शोधावे. वय, अपंगत्व, डॉक्टरचा दाखला यांना आधी आसन, उरले तर इतरांना. सर सांगतात, त्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये ते दोघे सोडले तर बाकी सगळी तिशीच्या आतली धडधाकट मुले होती, आणि उडाल्यापासून उतरेपर्यंत प्रत्येकाचा मोबाइल खिडकीला चिकटलेला. त्यांचा दोष नाही. रांगेचा नियमच तसा नाही.

केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला मंजुरी दिली. लांबी १२.९ किलोमीटर, खर्च ४,०८१ कोटी, वेळ ३६ मिनिटे, तासाला एका दिशेने १,८०० माणसे. तो झाला की हेलिकॉप्टरची गरज उरणार नाही, असे काही जण म्हणतात. रोपवेचे खांबही त्याच अभयारण्यात रोवावे लागतील आणि तेवढी माणसे वर पोहोचली की वरच्या त्या चिमुकल्या वस्तीचे काय होईल, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण रोपवे आला म्हणून हेलिकॉप्टर आपणहून जाणार नाही. रेल्वे आली म्हणून कोणत्या गावची एसटी बंद झाली? उलट ‘रोपवेने जा, हेलिकॉप्टरने या’ असा फलक आमच्या बसस्थानकाबाहेर लागण्याचीच शक्यता अधिक.

सरांच्या धाकट्या बहिणीला जायचे आहे. त्यांचे वय अडुसष्ट, गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. वणीच्या कुटुंबाची बातमी वाचल्यापासून घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, हेलिकॉप्टर नको, पालखी करू. त्या म्हणतात, चार माणसांच्या खांद्यावर बसून देवाकडे जायला मी अजून मेलेली नाही. सरांनी तिकिटाचे पाहतो म्हणून सांगितले आहे आणि मला विचारले आहे की दिवसाला किती फेऱ्या होणार, हे आधी कुठे कळते का. म्हणजे ज्या दिवशी कमी असतील त्या दिवसाचे काढता येईल.